वुडचिप

मागच्या खोलीला वुडचिप आहे.
म्हणजे पोटात लाकडाचा भुसा घातलेला कागद,
भिंतभर चिकटवलेला;
लांबून पाहिलं तर गार झालेला सांजा.
हडर्सफील्डच्या आमच्या या गल्लीत
घराघरात एक तरी खोली अशी,
आणि ती खरवडून काढायचा बेत
दर ईस्टरला.

मीही लागले होते काढायला.
खिडकीखालचा सुटलेला कोपरा धरून ओढला,
तर कागदाबरोबर ओंजळभर चुना खाली आला,
त्यात घोड्याचे केस,
शंभर वर्षं कोरडे.
शेजारची मॉरीन दारातूनच म्हणाली,
"थांब गं बाई, भिंतीने कागद धरलेला नाही,
कागदाने भिंत धरलीय."

थांबले.

आता बोटाच्या पेराने ठोकत जाते,
कलिंगड घेताना ठोकतात तशी.
भरीव. भरीव. पोकळ.
पोकळ दिसलं की पेन्सिलीने गोल.
"किती झाले?" श्रीरंग विचारतो.
"एकवीस."
तो हलकी शिट्टी घालतो
आणि शिडी धरून उभा राहतो,
दोन पायऱ्यांची शिडी,
जिला धरावं लागत नाही.

फुगा आला असेल तिथे ब्लेडने बारीक चीर द्यायची,
सिरिंजने आत खळ सोडायची,
ओल्या फडक्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं.
बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतेय इन्फर्मरीत,
सुई घेऊन कुणाच्या आत काही घालायची
ही पहिलीच वेळ.
भिंत हात आखडत नाही,
दुसरीकडे बघत नाही,
एवढं एक बरं.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, म्हणतात.
इथे तेवढं काही झालेलं नाही.
वीतभर भगदाड आहे खिडकीखाली,
तेही माझ्याच हातचं.
फिलर भरलं, वाळू दिलं, घासलं,
तर इतकं गुळगुळीत झालं
की आणखीच डोळ्यात भरायला लागलं.
पुन्हा कालवलं. या खेपेला
स्वयंपाकघरातून आणून
चमचाभर जाडा रवा टाकला त्यात.
श्रीरंग म्हणाला, "फोडणी राहिली."
दोघंही हसलो.
मार्चनंतर पहिल्यांदा, बहुतेक.

छताजवळ पिवळा पट्टा आहे,
आधीच्या म्हाताऱ्याच्या पाइपचा.
त्यावर तसाच रंग मारायचा नाही.
तीन हात दिले तरी तो सावकाश वर येतो,
पांढऱ्यातून, कुणी बघत नसताना.
आधी त्याला बंद करणारा डब्यातला उग्र थर लावायचा,
खिडक्या उघड्या टाकायच्या
आणि रात्रभर त्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

उद्यापासून झोपेल. श्रीरंग.
घोरण्यामुळे, असं आम्ही सांगितलंय सगळ्यांना,
निषादला ॲबर्डीनला फोनवरसुद्धा.
घोरतो तो, खोटं नाही त्यात काही.
घोरत होता लग्नाच्या आधीपासून.

रंग त्यानेच निवडला.
डब्यावर नाव आहे 'ओली वाळू'.
मी म्हटलं, मळखाऊ आहे.
तो म्हणाला, असू दे.

संध्याकाळी तो चहा घेऊन वर आला.
खिडकीखाली उकिडवा बसला,
एकदा चष्मा लावून, एकदा काढून
शोधत राहिला.
"कुठे होतं गं ते?
सापडत नाही मला."
आणि बोट मुडपून
भिंतीवर ठोकणार, एवढ्यात
मी त्याचं मनगट धरलं.

"ठोकू नकोस," म्हटलं.
"अजून ओलं आहे."